विणकराचा दगड

भिवंडीत सुट्टीचा वार शुक्रवार, हे मला लग्न होऊन तिथे गेल्यावर कळलं. गावातले यंत्रमाग शुक्रवारी बंद असत आणि निजामपुऱ्यातल्या ज्या उर्दू शाळेत मी मराठी शिकवायला लागले, तीही त्याच दिवशी बंद असे. म्हणजे रविवारी दुपारी सगळं सासर जेवून लवंडलेलं असायचं तेव्हा मी आठवीच्या मुलांना निबंध घालत असे, आणि शुक्रवारी घरात एकटी बसून तांदूळ निवडत असे. सासूबाई म्हणायच्या, हिची सुट्टीसुद्धा तिरकी. मला राग यायचा, कारण ते खरं होतं. माझा स्वभावही तेव्हा फार सरळ नव्हता. दुसऱ्याची चूक सापडली की माझा दिवस चांगला जायचा.

चाचांची ओळख अशाच एका चुकीवरून झाली, फक्त ती चूक माझी होती. शाळेमागच्या गल्लीतल्या एका कारखान्यात ते जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो ठीक करून पुन्हा चालता करणारा माणूस. वय पन्नाशीचं, कोकणी मुसलमान, घर पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणे. एकदा मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभे राहिले. हातात सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद आणि त्याच्या पांढऱ्या बाजूवर एकच शब्द लिहिलेला, ‘अधिष्ठान’. अंबरनाथच्या जुन्या देवळाबाहेर माहितीची पाटी आहे, तिच्यावरून त्यांनी तो उतरवून आणला होता. मी ऐटीत सांगितलं की अधिष्ठान म्हणजे देवाचं वास्तव्य. त्यांनी मान डोलावली आणि ते गेले.

पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले. म्हणाले की त्या अर्थानं पाटी लागत नाही, मी परत जाऊन वाचून आलो. मग त्यांनी दोन्ही हातांनी जमिनीपासून कमरेपर्यंतची उंची दाखवली. देऊळ ज्या जोत्यावर उभं असतं, त्या जोत्याला तिथे अधिष्ठान म्हटलं होतं. तिथल्या पुजाऱ्याकडून, रखवालदाराकडून आणि फोटो काढायला आलेल्या एका कॉलेजच्या पोराकडून त्यांनी खात्री करून घेतली होती. एका शब्दापायी हा माणूस आपली आठवड्याची एकुलती एक सुट्टी घालवून, कल्याणला बस बदलून अंबरनाथला गेला होता. मला शरम वाटली. त्यांनी मात्र माझी चूक काढल्याचा आव अजिबात आणला नाही. उलट पुढच्या शुक्रवारी मी सोबत यावं, म्हणजे पाट्यांवरची अवघड मराठी वाचायला बरं पडेल, असं ते म्हणाले.

अशी मी त्यांच्या सहलींत शिरले, आणि पुढची दहाएक वर्षं माझे शुक्रवार तांदळातून सुटले.

त्या सहली सुरू कशा झाल्या हे त्यांनीच मला सांगितलं. चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर गावातली माणसं एकमेकांच्या गल्लीत पाय टाकताना दहादा विचार करत. सुट्टीच्या दिवशी बाहेरगावचे कारागीर कारखान्यातच पडून राहत. त्यातल्या एकाचे गुडघे धरले होते, म्हणून चाचा त्याला आणि आणखी पाचजणांना वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेले. कुंडात सगळे मनसोक्त डुंबले. मग चाचांची नजर देवळाकडे गेली. देवळाला किल्ल्यासारखा दरवाजा कशाला, असं त्यांनी फुलवाल्या बाईला विचारलं. तिनं सांगितलं की वसईचा किल्ला जिंकू दे, तुझं देऊळ बांधीन, असा नवस मराठ्यांच्या सेनापतीनं केला होता. दुसरा कुणी असता तर बरं म्हणून परतीच्या बसनं निघून गेला असता. चाचांनी पुढच्या शुक्रवारी त्याच मंडळींना घेऊन वसईचा किल्ला गाठला, खरंखोटं बघायला. तिथे सोपाऱ्याच्या स्तूपाबद्दल ऐकलं. स्तूपावर कुणीतरी लोनाडच्या लेण्यांचं नाव काढलं, जी आपल्या गावापासून हाकेच्या अंतरावर असून कुणाला ठाऊक नव्हती. असं ते एकातून एक निघत गेलं.

मी जायला लागले तेव्हा पंधरावीस माणसं असत, पुढे पुढे एसटीची अख्खी गाडी करारावर घ्यावी लागे. बहुतेक सगळे मागावरचे कारागीर, थोडे सुताला खळ चढवणारे सायझिंगवाले, पद्मानगरातली तेलुगू विणकरांची काही कुटुंबं आणि कुणाच्या तरी घरी आलेले पाहुणे. सहलीचं ठिकाण ठरवायची पद्धत अशी, की आधी दुपारची जुम्म्याची नमाज कुठे होईल ते बघायचं. जवळपास मशीद असेल असं गाव पक्कं झालं की त्याच्या आसपासचा किल्ला किंवा लेणं निवडायचं. अर्धी मंडळी नमाजाला जात तेव्हा उरलेले झाडाखाली डबे सोडून बसत, आणि जाणाऱ्यांसाठी झाकून ठेवत. हे कुणी कधी ठरवलेलं मला आठवत नाही.

चाचांच्या बोलण्याची तऱ्हा तर मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. मागांच्या कारखान्यात शेजारच्याची बोंबसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठ आणि हात यांनी बोलतात. आयुष्यभर तेच केल्यावर ती बाहेरही तशीच बोलतात. चाचा बुरुजावर उभे राहत, ओठ हलवत, हातांनी तटबंदी, तोफा, भरती-ओहोटी दाखवत, आणि समोर तीस माणसं चिडीचूप उभी राहून टक लावून बघत. प्रश्नही हातानंच विचारले जात. एकदा वसईच्या किल्ल्यात मुंबईहून आलेल्या एका कुटुंबानं हा प्रकार पाहिला आणि मुक्याबहिऱ्यांची शाळा समजून केळ्यांची फणी आणून माझ्या हातात दिली. बाई, तुमचं काम फार मोठं आहे, असं त्या गृहस्थांनी मला सांगितलं. मी तोंड उघडून खुलासा करणार तेवढ्यात चाचांनी नजरेनं गप्प केलं आणि केळी सगळ्यांत वाटून टाकली. ते कुटुंब दिसेनासं होईपर्यंत तीस माणसांनी शब्दही काढला नाही, आणि मग एकदम जो हशा पिकला तो आवरेना.

त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत झालं होतं. पण चालत्या कापडात तुटलेली तार, म्हणजे सुताचा धागा, हेरायची सवय त्यांच्या डोळ्यांना होती, आणि त्याच डोळ्यांनी ते दगड बघत. अंबरनाथच्या देवळाच्या भिंतीपुढे त्यांनी एकदा मला उभं केलं आणि नक्षीच्या एका पट्टीवरून बोट फिरवत नेलं. एका जागी बोट थांबलं. ते म्हणाले, इथं शिफ्ट बदलली. मी नीट पाहिलं तर खरंच, तिथवर पाकळ्या खोल कोरलेल्या होत्या आणि तिथून पुढे उथळ. नऊशे वर्षांपूर्वी एका माणसानं छिन्नी खाली ठेवली होती आणि दुसऱ्यानं उचलली होती. मी त्या देवळात लहानपणापासून चारपाच वेळा तरी गेले असेन. मला फक्त नमस्कार करता येत होता. बघता येतं कसं, हे मला त्या माणसानं शिकवलं. ते माझे कुणी नव्हते, पण मी त्यांना गुरू मानत होते आणि अजून मानते.

म्हणूनच पुढचं सांगताना जिवावर येतं.

गावापासून थोड्या अंतरावर खाडीकाठी आगरी लोकांचं एक लहानसं गाव आहे. तिथे भेंडीच्या डेरेदार झाडाखाली छातीइतका उंच एक दगड उभा आहे, तीन कप्प्यांत कोरलेला. असा दगड म्हणजे वीरगळ, लढताना मेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभारलेला. वरच्या कप्प्यात तो माणूस शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला असतो, मधल्यात दोन अप्सरा त्याला स्वर्गात नेत असतात आणि खालच्यात त्याचं मरण असतं. या दगडाचा खालचा कप्पा वाऱ्यापावसानं पुष्कळ झिजला होता. एक लांब आडवी तुळई दिसे, तिच्यावर माणसांची डोकी, आणि तिच्यातून तिरक्या उतरणाऱ्या सरळ रेषांची एक रांग. चाचांनी तो कप्पा पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणे ते बराच वेळ तिथून हललेच नाहीत. त्यांना माग दिसला. आडवी तुळई म्हणजे मागाचा सूत गुंडाळलेला बीम, आणि रेषा म्हणजे ताणलेल्या तारा, अर्थात ताणा. कापड लुटायला आलेल्यांशी लढताना मागावरच मारला गेलेला हा एक विणकर आहे, असं त्यांनी ठरवलं.

आणि तसंच ते सांगू लागले. मीसुद्धा बघितलं आणि मलाही मागच दिसला. शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर मी प्रत्येक ठिकाणाच्या माहितीचा कागद काढत असे. या दगडाच्या कागदाला मी मथळा दिला ‘विणकराचा दगड’, आणि खाली दोन परिच्छेद असे रंगवले की मलाच भरून आलं.

कारागिरांनी तो दगड उचलून धरला. आझमगढकडचा एक म्हातारा कारागीर होता, तीस वर्षं भिवंडीत मागावर उभा. बायको गावी, तो इथे, कारखान्याच्या माळ्यावर पाळीपाळीनं झोपायची एक वळकटी हाच त्याचा संसार. तो पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं काथ्यानं घासून दगडावरचं शेवाळ काढलं आणि खाडीच्या पाण्यानं नाही, आपल्या बाटलीतल्या पाण्यानं धुतला. पुढे तो दर वेळी नव्या बीममधली एक तार खिशात घालून आणी आणि दगडाला बांधे. त्याचं बघून बाकीचे बांधू लागले. काहींना हे पटत नसे, ते लांब उभे राहत, पण येत तेही. मुलुख सोडून नुकत्याच आलेल्या पोरांना म्हातारा तिथे नेऊन सांगायचा की बघ, या परक्या गावात आपला एक पूर्वज आहे. वर्षातून तीनचारदा त्याच दगडाकडे जाण्याचा आग्रह होई. सात-आठ वर्षं हे असं चाललं.

मग एका शुक्रवारी चाचा आणि निम्मी मंडळी पलीकडच्या गावात नमाजाला गेली होती. बाकीचे झाडाखाली जेवत होते. मी दगडाजवळ बसून कागद वाटत होते. गावातली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून बराच वेळ आमच्याकडे बघत उभी होती. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, अंगानं काटक. ही माणसं या दगडाला दोरे कशापायी बांधतात, असं तिनं मला विचारलं. मी शिक्षिकेच्या आवाजात सगळी गोष्ट सांगितली, विणकर, लुटारू, माग. तिनं ऐकून घेतलं आणि ती हसली.

‘‘माग कंचा, बाय? होरी हाय ती. वल्ही बग ना.’’

ती खाली बसली आणि तिनं एकेका रेषेवर बोट ठेवलं. रेषा सगळ्या एकाच बाजूला कललेल्या का आहेत, तर वल्हवणारे एका दमात वल्हं मागे ओढतात म्हणून. खाली प्रत्येक रेषा टोकाला जरा रुंद होते, कारण वल्ह्याचं पातं रुंद असतं. मागच्या टोकाची रेषा निराळी आहे, ते सुकाणू. तुळई दोन्ही टोकांना वर वळली आहे, आणि बीम काही वर वळत नाही. ती नवऱ्याबरोबर पेंढा वाहणाऱ्या होडीवर ठाण्यापर्यंत जात असे, तिच्या हातांना हे सगळं ठाऊक होतं. मी बघत होते आणि माझ्या डोळ्यांदेखत माग नाहीसा झाला आणि होडी उभी राहिली. एकदा दिसल्यावर ती परत पुसता येईना. कुणीतरी खाडीत किंवा समुद्रात लढताना मेला होता, बहुधा याच लोकांपैकी.

मी आजूबाजूला पाहिलं, कुणाचं लक्ष नव्हतं. मी म्हातारीला म्हटलं, आजी, हे आत्ता कुणाला सांगू नका. ती म्हणाली की मला काय करायचं आहे, आणि गेली. चाचा नमाजाहून आले, त्यांनी झाकून ठेवलेला डबा खाल्ला आणि मग नेहमीसारखी हातांनी मागाची गोष्ट सांगितली. मी त्यांच्या शेजारी उभी होते. जी बाई दुसऱ्याच्या ऱ्हस्वदीर्घावरून मैत्री तोडायला मागेपुढे पाहत नसे, तिनं त्या दिवशी तोंडाला कुलूप घातलं.

मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. तो ब्याण्णव-त्र्याण्णवचा हिवाळा होता. मुंबई पेटली होती, आणि आमच्या गावानं मात्र रात्रंदिवस एकमेकांची समजूत घालत स्वतःला सावरलं होतं. अशा वेळी ज्या गोष्टीनं पन्नास माणसं एका गाडीत बसतात ती कशाला उसवायची? आणि दगड दुसऱ्यांचा आहे असं कळल्यावर, आमच्या दगडाला दोरे का बांधले म्हणून गाव बिघडलं तर? ही कारणं खोटी नव्हती. पण खरं कारण एवढंच, की तो कागद मी लिहिला होता.

दोन महिने मी गप्प राहिले. नंतरही राहिले असते. पण कारागिरांनी दगडाजवळ संगमरवरी पाटी बसवायचं ठरवलं. मराठी, हिंदी आणि उर्दू अशा तीन भाषांत मजकूर हवा होता. म्हाताऱ्या कारागिरानं यासाठी कारखान्याकारखान्यांत फिरून सगळ्यांना तयार केलं होतं. कोरणारा ठरला होता. चाचा मजकूर घ्यायला शाळेत आले आणि माझ्यासमोर बाकावर बसले. मी पेन हातात घेतलं. ‘येथे एक विणकर’ एवढं लिहिलं आणि पुढे हात चालेना. कागदावरची चूक दुसऱ्या कागदानं झाकता येते, दगडावरची माझ्या मागेही राहिली असती. मग मी त्यांना म्हातारी काय म्हणाली ते सांगितलं, आणि दोन महिन्यांपूर्वी म्हणाली हेही सांगितलं.

ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्या पुढ्यातला कागद घडी करून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्युटी बदलून घेतली आणि एकटेच खाडीकाठी गेले. मधल्या सुट्टीत मी त्यांची वाट बघत होते, आणि ते आले नाहीत. आले ते संध्याकाळी, शाळा सुटताना. चपला चिखलानं भरलेल्या होत्या.

‘‘बाई, वल्हीच हायत,’’ ते म्हणाले. ‘‘आठ वर्षं मी तिथं ताणा बघितला. मला ताणाच बघायचा व्हता.’’

मी त्यांना खूप विनवलं. मला आजही तो प्रसंग आठवला की कान गरम होतात. मी म्हटलं की पाटीचं तेवढं काहीतरी कारण काढून टाळू या. हळूहळू त्या गावाला जायचं कमी करू, लोक विसरतील. त्या म्हाताऱ्याला आता या वयात काय सांगणार, त्याला दुसरं आहे काय? आणि तुमच्या शब्दावर ही माणसं सुट्टी घालवून येतात, उद्या तुमच्यावर कोण विश्वास ठेवेल? हे शेवटचं मी जरा जोरात म्हटलं, कारण मला माहीत होतं की त्यांना तीच भीती आहे. त्या सहली हा त्यांचा जीव होता. घरचे हसत, मालक हसत, जॉबर होऊन प्रोफेसर बनायला निघालाय म्हणत. त्यांच्या बाजूनं होती ती फक्त गाडीतली माणसं.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

‘‘तुमचं बरोबर हाय बाई, माणसं जातील,’’ ते म्हणाले. ‘‘पन तो जो कोन मेला, त्याच्या जागेवर मी दुसराच बसवलाय. त्याला उठवायला नको?’’



त्या शुक्रवारी दोन गाड्या भरल्या. पाटी बघायला म्हणून नेहमी न येणारेही आले होते. म्हातारा कारागीर नवा सदरा घालून पुढच्या सीटवर बसला होता. पाटी अजून तयार नाही एवढंच चाचांनी सांगितलं होतं. मी मागे बसले होते. चाचांच्या मानेकडे बघत मी मनात म्हणत होते, अजून वेळ आहे, राहू दे, राहू दे.

दगडाजवळ पोचल्यावर ते नेहमीच्या जागी उभे राहिले नाहीत. आदल्या भेटीतच त्यांनी म्हातारीला सांगून ठेवलं असावं, कारण ती येऊन दगडापाशी थांबली होती. तिच्यामागे गावातली चारपाच माणसंही होती. चाचांनी तिला आपल्या जागेवर उभं केलं आणि स्वतः बाजूला सरकले. मग ते हिंदीत एवढंच म्हणाले की आठ वर्षं मी तुम्हाला या दगडाबद्दल चुकीचं सांगितलं, खरं काय ते ही सांगेल. आणि म्हातारी तिच्या भाषेत सांगू लागली.

तिची आगरी बोली आझमगढच्या आणि तेलंगणाच्या माणसांना कळणार नव्हती. ती एकेक वाक्य बोलत होती आणि चाचा ते ओठांनी आणि हातांनी पुढे देत होते. जे हात आठ वर्षं त्या जागेवर माग लावून दाखवत आले, ते आता वल्हं ओढत होते. त्यांनी काही गाळलं नाही. म्हातारी हसली तेव्हा तेही दाखवलं, की माग बघून हिला हसू आलं. मी माणसांचे चेहरे बघत होते. काही दगडाकडे वाकून बघत होते, काहींनी मान फिरवली. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. मागून कुणीतरी म्हणालं की मग इतकी वर्षं आम्हाला काय खेळवलंत? चाचांनी त्याच्याकडे बघून मान खाली घातली.

मला राहवलं नाही. मी पुढे झाले आणि सांगितलं की कागद मी लिहिला होता, आणि हे दोन महिन्यांपासून मला माहीत होतं, चाचांना नव्हतं. कुणी माझ्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. माझ्या कबुलीनं काही बिघडत किंवा सुधारत नव्हतं, सगळे चाचांकडे बघत होते.

तेव्हा गावकऱ्यांतला एकजण त्या दोऱ्यांकडे बोट दाखवून काहीतरी पुटपुटला. म्हातारीनं त्याला तिथल्या तिथे गप्प केलं.

‘‘एवरी वर्सं याला कोनी पुसला न्हाय,’’ ती म्हणाली. ‘‘आमी यावर जाली वालत घालाचो. या लोकांनी धुतला त्याला.’’

गावकरी आपापसांत बोलू लागले, पण आवाज चढले नाहीत. म्हातारा कारागीर मात्र जागचा हलला नव्हता. चाचा त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. आता हे दोघं बोलणार असं बघून सगळे थांबले. म्हाताऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. त्यानं दगडाकडे बघत विचारलं,

‘‘तो फिर हमारा पत्थर कौन-सा है?’’

चाचांना सोपं उत्तर देता आलं असतं. आपणही हाच मानू, असं म्हटलं असतं तरी म्हाताऱ्याला पुरलं असतं. मी मनातल्या मनात ते वाक्य तयार करून त्यांच्याकडे बघत होते.

‘‘नहीं मिला,’’ चाचा म्हणाले. ‘‘आठ साल ढूँढ़ा. होता तो सबसे पहले तुमको दिखाता.’’

दुसऱ्या गाडीतली काही माणसं निघून रस्त्याकडे चालायलाही लागली होती. मला वाटलं, संपलं. आता उद्यापासून हा माणूस फक्त जॉबर. म्हाताऱ्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

‘‘तो अगले जुमे को कहाँ चलके ढूँढ़ना है?’’ त्यानं विचारलं.

पुढच्या सहलीचं ठिकाण चाचांनी सांगितलं नाही असा शुक्रवार मी कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी त्यांच्याजवळ काही तयार नव्हतं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

‘‘मालूम नहीं,’’ ते म्हणाले. ‘‘पहले गाड़ी में बैठो, सोचते हैं.’’

आणि म्हातारा सगळ्यांच्या आधी गाडीत चढला.